मोट, हापसा आणि शॉकअप

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये दोन्ही बाजूंना एकेक रबरी कडे बसवलेले असते. त्याला ऑइल सील म्हणतात. वरचा चकचकीत पाईप खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीत सतत वर-खाली होत असताना आतले तेल बाहेर येऊ द्यायचे नाही आणि बाहेरची धूळ आत जाऊ द्यायची नाही, एवढेच त्याचे काम. गाडीच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य. पण ते झिजले की पाईपवर तेलाची ओली रेघ उमटते, तिच्यावर माती चिकटते, खड्ड्यात गाडी धाडकन आदळते आणि ओघळलेले तेल चाकातल्या ब्रेकपर्यंत पोचले तर जिवावर बेतते. वाशीम जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत हे सील घरच्या अंगणातही बदलले जाते. कंपनीच्या खास हत्यारांऐवजी प्लॅस्टिक पाईपचा तुकडा, फावड्याचा जुना दांडा आणि औषधाची मोठी सिरिंज एवढ्यावर काम भागते. लांबून पाहणाऱ्याला यात नुसता नाइलाज दिसतो: पैसे नाहीत, वर्कशॉप दूर आहे, म्हणून कसेतरी निभावून नेणे. हा समज अर्धवट आहे. नाइलाज होता आणि आहे. पण त्यातून जे ज्ञान उभे राहिले त्याची परंपरा मोटरसायकलहून कितीतरी जुनी आहे, त्याला स्वतःचे काटेकोर नियम आहेत, आणि वर्कशॉपपासून दूर चालणारे यंत्र टिकवायचे तर हाच मार्ग खात्रीचा, हे महाराष्ट्राच्याच मातीतून पुढे आलेल्या दुसऱ्या एका यंत्राने सिद्ध केले आहे. ते यंत्र म्हणजे हापसा.

आधी प्रदेश पाहू. वाशीम प्राचीन आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. यंत्रयुगात मात्र हा मुलूख आडवाटेलाच राहिला. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडून अकोल्याला जोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण झाले. मधली ९३ वर्षे जिल्ह्याची कचेरी, मोठी बाजारपेठ आणि मोठी दुरुस्ती यांसाठी वाशीमकरांना सुमारे ८० किलोमीटरवरच्या अकोल्याकडे तोंड करून बसावे लागले. १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरला पोचलेली रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी उत्तरेकडून निघून गेली. जिल्ह्यातल्या कारंज्याच्या वाट्याला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे आली, तीही कापूस वाहून नेण्यासाठी. वाशीमवरून जाणाऱ्या पूर्णा-अकोला मार्गाला ब्रॉडगेज मिळायला २००८ साल उजाडले. आता समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून जातो, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. म्हणजे जिल्ह्यातला सर्वांत गुळगुळीत रस्ता मोटरसायकलला बंद आणि तिच्या वाट्याला गावरस्ते आणि वावराकडे जाणाऱ्या पांदणी. या पांदणीची काळी माती पावसाळ्यात चाकाला लोळ्यांनी चिकटते आणि उन्हाळ्यात तिचीच भुकटी होऊन उडते. शॉकअपच्या सीलला याहून कठीण परीक्षा नाही. विक्रेता अशा गावापर्यंत सहज पोचतो, वर्कशॉप पोचत नाही. आणि या दोन टोकांमधले अंतर घरच्या माणसाला भरून काढावे लागते.

ही रीत मोटरसायकलबरोबर आलेली नाही. या भागातल्या शेतीच्या जुन्या साधनांत पाणी धरून ठेवणारे आणि तरीही सतत हलणारे साधन म्हणजे मोट. वाशीमची शेती मुख्यतः कोरडवाहू, तरी मळ्यातल्या विहिरींवर मोट चालायची. कातड्याची मोठी पिशवी, तोंडाला लोखंडी कडे, खाली पाणी सोडणारी सोंड, वर जाड नाडा आणि सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून उतरू लागले की भरलेली मोट वर येई. कातडे वाळले की तडकते, तडकले की गळते, आणि गळक्या मोटेतून बैलांचे अर्धे कष्ट विहिरीतच परत पडतात. म्हणून कातड्याला तेल पाजणे, शिवण तपासणे, ठिगळ लावणे ही कामे वेळेवर व्हावीच लागत. ती चांभार आणि ढोर करत, नाडे-दोर मांग वळत, चाक-कणा सुताराकडे आणि लोखंडी कडे लोहाराकडे असे. मोबदला बलुत्याच्या धान्यात. या व्यवस्थेचा गौरव करावा असे तिच्यात फार काही नाही. कातड्याचे कसबी काम ज्यांच्या हातात होते त्यांनाच गावाने अस्पृश्य ठरवले, आणि ज्ञान जातीत कोंडून ठेवले. पण इतिहास म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी: गळती कुठून होते, हलत्या भागाभोवतीचे कातडे मऊ का ठेवावे लागते आणि कोरडे पडले की काय होते, हे ज्ञान गावात होते आणि दुरुस्तीही गावातच होत होती. कारखान्याकडे किंवा तालुक्याकडे पाहत बसण्याची सवय नंतरची आहे.

यंत्रे आली तेव्हा हे ज्ञान नव्या हातांत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सरकी काढणारी यंत्रे, गठाणी बांधणारे दाबयंत्र, ते फिरवणारे वाफेचे इंजिन, पट्टे आणि बेअरिंगा यांच्यासोबत फिटर हा नवा कारागीर कापसाच्या गावांत आला. हंगाम चार महिन्यांचा. त्यात यंत्र बंद पडले तर मुंबईहून माणूस येईपर्यंत थांबणे परवडत नसे. पुढे विहिरींवर तेलाची इंजिने आली. मराठी मुलखात या इंजिनांशी जोडले गेलेले नाव किर्लोस्करांचे. त्या उद्योगाचा आरंभ सायकलींच्या दुकानातून झाला: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात ते काढले, मग कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली; पुढे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. इंजिनाबरोबर पंप आला आणि पंपाबरोबर गळतीचा जुनाच प्रश्न आला. फिरत्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमध्ये ग्रीस लावलेली दोरी भरायची, नट आवळायचा, पण इतकाही नाही की दांडा तापेल. थेंब-थेंब पाणी येत राहिले पाहिजे. ही दोरी भरायला शेतकरी कुणाला बोलावत नसे. मोटेचे कातडे एका जातीचे काम होते, ग्लँडची दोरी मात्र ज्याच्या हाती पान्हा त्याची झाली. दुरुस्तीच्या इतिहासातला हा बदल महत्त्वाचा आहे. पान्ह्याने जातीची मक्तेदारी सैल केली.

आता हापसा. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दुष्काळी भागांत यांत्रिक ड्रिलने बोअर घेतले जाऊ लागले आणि १९७२च्या दुष्काळाने त्या कामाला वेग दिला. दख्खनच्या काळ्या पाषाणात खोल बोअर घेणे जमले, पण वर बसवलेला पंप टिकेना. ओतीव लोखंडाचे ते हातपंप मुळात एका घराच्या वापरासाठी बेतलेले होते. गावाने दिवसभर हापसल्यावर त्यांचे सांधे झिजून तुटत. १९७०च्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा अनेक ठिकाणी बसवलेल्यांपैकी बहुतेक हापसे बंद असल्याचे आढळले. उपाय महाराष्ट्रातूनच पुढे आला. जालन्यात मिशनच्या विहिरी खोदणाऱ्या पथकाने पोलादी सांध्याचा मजबूत पंप तयार केला, तो जालना पंप. त्याची सुधारित आवृत्ती सोलापुरात झाली, तो सोलापूर पंप. युनिसेफ, केंद्र सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी तोच धागा पुढे नेऊन १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंडिया मार्क टू हा पंप घडवला. भारतीय मानक आयएस ९३०१ त्याच्यासाठी निघाले आणि देशभर लाखोंनी हे पंप बसले. आजही वाशीमच्या गावात उभा असलेला जाड पोलादी हापसा याच घराण्यातला.

पण मजबूत पंपातही एक भाग झिजणारच होता. जमिनीखाली पितळी अस्तराच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वर-खाली होतो आणि दट्ट्याला वाटीच्या आकाराचे वायसर असते. हापसताना वरचे पाणी या वाटीच्या ओठावर दाब देते, ओठ सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो आणि पाणी खाली निसटत नाही. सुरुवातीला हे वायसर कातड्याचे होते, तेलात मुरवून बसवायचे. ते झिजले की हापसा पोकळ चाले, दांडा हले पण पाणी येत नसे. वायसर अगदी किरकोळ वस्तू, पण मार्क टूमध्ये ते बदलायला जमिनीतला सगळा पाईप उपसावा लागे. त्यासाठी तिवई, खास हत्यारे, चार-सहा माणसे आणि फिरते पथक लागे. एका वाटीसाठी आख्खे गाव पथकाच्या गाडीची वाट पाहत बसे. १९८०च्या दशकात कोइमतूर भागात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक बँक, युनिसेफ आणि तामिळनाडूचे पाणीपुरवठा मंडळ यांनी या पंपांवर अनेक वर्षे चाचण्या केल्या. त्यातून दोन सुधारणा पक्क्या झाल्या. कातड्याच्या जागी नायट्राइल रबराचे वायसर आले आणि बिघाड लक्षणीय कमी झाले. दुसरी सुधारणा त्याहून मोठी: पाईप ६५ मिलिमीटरचा रुंद केला, म्हणजे पाईप न उपसता दट्ट्या वरूनच ओढून काढता येतो. हाच इंडिया मार्क थ्री. गावाच्याच माणसांना, मोजक्या हत्यारांनी, वायसर बदलता यावे हे त्यामागचे सूत्र होते. जगभरच्या पाणीपुरवठ्यात ते मान्य झाले. पंप कितीही भक्कम असो, त्याचे झिजणारे कडे वापरणाऱ्याला बदलता आले नाही तर तो बंद पडतो, हा धडा बंद हापशांनी शिकवला.

शॉकअपचे सील याच वायसरचे भावंड आहे, आणि दोघांचा प्रवासही कातड्याकडून रबराकडे झाला. जर्मनीतल्या वाइनहाइमची फ्रॉयडेनबर्ग कंपनी मूळची कातडी कमावणारी, १८४९ साली सुरू झालेली. १९२९च्या सुमारास तिने यंत्रांसाठी कातड्याची सीले करायला घेतली; वाल्टर सिमर या अभियंत्याच्या नावावरून त्यांना सिमररिंग म्हणतात. १९३६ मध्ये त्याच कारखान्याने कातड्याऐवजी कृत्रिम रबर वापरले. दुसरीकडे १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर-१२ आणि आर-१७ या मोटरसायकलींना तेलाने हिसके शमवणारा दुर्बिणीसारखा पुढचा शॉकअप दिला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही रचना जगभर रूढ झाली. हापशाच्या वाटीचा ओठ पाण्याच्या दाबाने भिंतीला चिकटतो. शॉकअपच्या सीलचा ओठ स्वतःच्या ताणाने आणि त्याच्याभोवतीच्या बारीक स्प्रिंगच्या आधाराने पाईपला चिकटतो. तत्त्व एकच. ज्या गावाने मोटेचे कातडे, ग्लँडची दोरी आणि हापशाचे वायसर हाताळले त्या गावाला हे नवे नव्हते. फक्त माप लहान झाले आणि काम नाजूक झाले.

खेड्यात हे सील पोचायला वेळ लागला. सुरुवातीच्या बुलेट आणि जावा या गाड्यांना तेलाचे शॉकअप होते, पण त्या मोजक्या घरांत. १९६०च्या दशकात आलेली राजदूत पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून बेतलेली होती आणि तिची पुढची जोडणी निराळी, दांडीवर झुलणारी होती. बजाजची स्कूटर मिळायला कित्येक वर्षे नंबर लावून बसावे लागे. चित्र पालटले ते १९८०च्या दशकात, लहान इंजिनांच्या दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला परवानगी मिळाल्यावर. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आणि यामाहाची आरएक्स-१०० बाजारात आल्या, त्याच काळात इंड-सुझुकी आणि कावासाकी बजाजही आल्या. बजाजचा वाळूजचा कारखानाही १९८५चाच. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. या सगळ्या गाड्यांना पुढे तेलाचे शॉकअप होते. त्या आधी शहरांत, मग तालुक्याला आणि पुढे जुन्या गाड्यांच्या बाजारातून खेड्यात पोचल्या. वाशीम जिल्हा झाला, एमएच-३७ हा क्रमांक मिळाला, तोवर दूध, खताचे पोते, सोयाबीनचे बियाणे, शाळेची पोरे आणि दवाखान्यातले म्हातारे माणूस या सगळ्यांचे वाहन मोटरसायकलच झाले होते. तीन माणसे किंवा दोन पोती घेऊन पांदणीतून जाणाऱ्या गाडीचे सील लवकर जाणारच.

घरच्या कामातली अचूकता कळण्यासाठी ते जवळून पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट, प्रत्येक गळती म्हणजे फाटलेले सील नव्हे. ओठाखाली मातीचा कण अडकला तरी तेल येते. वरचे धुळीचे रबर उचलून फोटोच्या जुन्या निगेटिव्हची पट्टी ओठाखालून फिरवली की कण निघतो आणि पुष्कळदा गळती थांबते. सील बदलायचेच ठरले तर गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, चाक मोकळे, मग एकेक बाजू उतरवायची. खालचा ॲलन बोल्ट सोडताना आतला दांडाही सोबत फिरतो. कंपनीकडे त्याला धरायचे लांब हत्यार असते. घरी फावड्याचा दांडा टोकाला निमुळता तासून वरून आत ठोकतात, तो आतल्या दांड्याला घट्ट धरतो. पाईप काढला, तारेचे लॉक काढले की जुने सील नळीत रुतलेले राहते. ते जोर लावून उचकटले तर ॲल्युमिनियमची कड चेपते आणि मग नवे सीलही गळते. म्हणून नळीवर बाहेरून उकळते पाणी ओततात; सीलच्या आतल्या पोलादी कड्यापेक्षा ॲल्युमिनियम जास्त प्रसरण पावते आणि पकड सैल होते. पेचकसाखाली कापडाची घडी किंवा लाकडाची चिपटी ठेवून मग ते उचलतात. नवे सील घालताना पाईपच्या धारदार टोकावर तेल लावलेली पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवतात, म्हणजे ओठ चिरत नाही. अंक छापलेली बाजू वर, स्प्रिंगची बाजू तेलाकडे. त्यावर जुने सील, करवतीने एक चीर देऊन, आणि त्यावर मापाचा पीव्हीसी पाईप. हलक्या हाताने चहूबाजूंनी सारखे ठोकायचे. सील बुडाशी टेकले की ठोक्याचा आवाज बदलतो आणि लॉकची खाच पुरती उघडी दिसते. तेल सिरिंजने मोजून दोन्ही बाजूंना सारखे, कंपनीने त्या गाडीसाठी ठरवले आहे तेवढेच. मग पाईप दहा-बारा वेळा वर-खाली करून हवा काढायची.

यातली प्रत्येक वस्तू कंपनीच्या हत्याराचे काम करते, आणि ते काम काय आहे हे ओळखूनच निवडलेली असते. सील बसवायच्या खास साच्याचे काम सीलच्या बाहेरच्या कडेवर सारखा दाब देणे आणि ओठाला स्पर्श होऊ न देणे हे असते. मापाचा पीव्हीसी पाईप आणि जुने सील हेच करतात. जो कारागीर सरळ हातोडीने सीलच्या एका बाजूला ठोकतो त्याच्याकडे हत्यार नाही असे म्हणता येईल. पीव्हीसी पाईप वापरणाऱ्याकडे हत्यार आहे, फक्त ते विकत घेतलेले नाही. परीक्षा हत्याराच्या किमतीची नसून दाब कुठे पडतो याची आहे.

या मुद्द्यावरचा पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीर आहे. पुढचा शॉकअप म्हणजे सुकाणू आणि ब्रेक यांचा आधार. तिथली चूक अपघातात संपते. म्हणून घरच्या कामाची हद्द स्पष्ट असायला हवी. सील, तेल, धुळीचे रबर हे घरी. पाईप वाकला असेल, नळीला तडा असेल, क्रोम खोलवर उडाले असेल, हँडलच्या कोनसेटमध्ये खेळ असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर काम मिस्त्रीकडेच गेले पाहिजे. पाईप काचेवर लोळवून वाकडेपणा पाहणे, एक्सलचा नट आणि शॉकअपचे पाईप धरणाऱ्या टीचे बोल्ट नीट आवळले का हे दोनदा तपासणे आणि आधी मोकळ्या जागेत सावकाश गाडी चालवून ब्रेक पाहणे, एवढे केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. पण आक्षेप घेणाऱ्याने दुसरी बाजूही पाहावी. घरी सील न बदललेली गाडी वर्कशॉपमध्ये जातेच असे नाही. पेरणीच्या किंवा सोंगणीच्या घाईत ती तशीच गळत चालते. गळक्या शॉकअपने फिरण्यातला धोका काळजीपूर्वक केलेल्या घरच्या दुरुस्तीपेक्षा मोठा आहे. हापशाच्या बाबतीत हाच वाद झाला होता: गावाच्या हाती दिला तर बिघडवतील. प्रत्यक्षात पथकाची वाट पाहणारे हापसे बंद राहिले.

दुसरा आक्षेप मिस्त्र्यांच्या पोटाचा. मालकच सील बदलू लागला तर चौकातल्या दुकानाने काय करायचे? हा आक्षेप या धंद्याची घडण लक्षात घेत नाही. गावचा मिस्त्री हा याच परंपरेतून घडतो. कुठल्या तरी दुकानात पोरसवदा वयात पान्हे पुसत, मग चाक उघडत तो शिकतो. घरी दुरुस्ती करणारा माणूस त्याच्याकडूनच सील घेतो, त्यालाच विचारतो, आणि अडले की त्याच्याकडेच जातो. वाकलेला पाईप, इंजिनाचे काम, वायरिंग हे खरे उत्पन्न त्याच्याकडेच राहते. दुरुस्तीची जाण असलेला ग्राहक चांगल्या मिस्त्रीला ओळखतो आणि त्याची मजुरी योग्य मानतो. अजाण ग्राहक फक्त भाव पाडून मागतो. ज्या गावात दुरुस्ती समजते तिथे दुरुस्तीचा धंदाही टिकतो.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे जाऊ घातले आहे, विजेवरच्या गाड्या आल्या की पेट्रोलच्या काळातली कसबे संपतील. इंजिनाबाबत हे काही अंशी खरे आहे. पण विजेवरच्या मोटरसायकललाही पुढे चाक आहे, चाकाला शॉकअप आहे, शॉकअपमध्ये तेल आहे आणि तेलाला सील आहे. पांदणही तीच. इंजिनाचे ज्ञान जुने होईल तेव्हा सीलचे ज्ञान उरेल, आणि बॅटरीचे वजन सोसणाऱ्या शॉकअपला त्याची गरज अधिकच भासेल. मोट गेली, हापशांच्या बोअरमध्ये अनेक ठिकाणी मोटारी उतरल्या, तरी हलत्या भागाभोवतीची गळती अडवण्याचे काम कुठल्याच काळात संपले नाही.

हे मान्य केले तर पुढची पावले ठरतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्यात शेतीची अवजारे व वाहने या दोन्ही क्षेत्रांचा समावेश केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. पण हक्क कागदावर मिळून भागत नाही, तो वापरता आला पाहिजे. गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका शॉकअपच्या कामासाठी डीलरकडे जा म्हणून सांगते, आणि वर्कशॉपची खरी पुस्तिका इंग्रजीत, मालकाच्या हाती न येणारी. विदर्भाला हातचे कसब मराठीत लिहून काढण्याची सवय नाही असे नाही. नागपूरच्या 'उद्यम' मासिकाने घरगुती उद्योग आणि यंत्रांची माहिती वाचकांच्या भाषेत दिलेली आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाने वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतले आणि त्या कार्यक्रमाच्या विषयांत कौशल्यविकास आहे. जिल्ह्यातल्या आयटीआयनी उन्हाळ्यात, पेरणीआधीच्या मोकळ्या दिवसांत, गावोगाव शॉकअप, ब्रेक आणि साखळी यांची दोन दिवसांची शिबिरे घ्यावीत. गावातल्या मिस्त्रीलाच तिथे मानधन देऊन शिक्षक म्हणून उभे करावे. कोणते काम घरी आणि कोणते दुकानात याची यादी चित्रांसह मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी. गाड्या बनवणाऱ्यांनी सीलचे माप, तेलाचे प्रमाण आणि बोल्ट किती आवळायचा हे मालकाच्या पुस्तिकेत मराठीत द्यावे. हापशासाठी जे तत्त्व आपण मान्य केले, झिजणारा भाग वापरणाऱ्याला बदलता आला पाहिजे, ते मोटरसायकललाही लावावे. त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. येत्या उन्हाळ्यापासून सुरुवात करता येईल.